हेस्टर प्रिंगलची पाटी

लंडनमधल्या टीव्ही स्टुडिओच्या बोळात हेस्टर वळली आणि समोरून येणाऱ्या माणसावर थेट आदळली. तिच्या बाहीवर पांढऱ्या रंगाचा फराटा उमटला आणि त्याच्या हातातल्या काळ्या पाटीवरचं ओलं नाव फिसकटलं.

"झालं कल्याण," तो म्हणाला. "पाचला कार्यक्रम, आणि एच. प्रिंगल महाशयांना तुम्ही पुसून टाकलंत."

"महाशय नाही... मीच ती. हेस्टर."

लेन कॉब्ली बघतच राहिला. हेस्टरने लिहिलेली मंगळावरची मुलांची मालिका दर शनिवारी थेट दाखवली जाई, आणि शेवटी कॅमेऱ्यासमोर ठेवायची लेखकाची पाटी तो हाताने रंगवी. "तीन आठवडे मी कुणा टकल्या म्हाताऱ्याचं नाव रंगवतोय असं समजत होतो—"

"निर्माते म्हणतात, बाईने लिहिलंय कळलं तर मुलगे बघणार नाहीत."

त्या दिवसापासून दोघांचा चहा एकत्र होऊ लागला. तो तिच्यासाठी मनुकांचा बन राखून ठेवी, ती त्याला पुढच्या भागात कोण मरणार ते आधीच सांगे. बोलताना हलणारे त्याचे रंगाने माखलेले हात तिला फार आवडत, हे तिने मनाशी केव्हाच कबूल केलं होतं.

शेवटच्या शनिवारी त्याने दोन पाट्या पुढे केल्या. एकीवर एच. प्रिंगल, दुसरीवर हेस्टर प्रिंगल.

"कुठली लावायची ते तू सांग," तो हळूच म्हणाला. "मी आपल्या मनाने लावली, तर निर्मात्यांच्यात नि माझ्यात फरक काय?"

पुढची मालिका हातची जाणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. तरी तिने दुसरी पाटी उचलली आणि स्वतःच कॅमेऱ्यासमोर ठेवली.

क्षणभर तिचं नाव घराघरांत दिसलं. मग निर्माते तरातरा आले.

"कोणी रंगवली ही?"

"मी," हेस्टर म्हणाली.

तिचं कोंबडीच्या पायांसारखं अक्षर ते वर्षभर वाचत आले होते; ही सुबक पाटी तिची नाही हे त्यांना लगेच कळलं.

"मी रंगवली, साहेब," लेन मागून म्हणाला.

अर्ध्या तासाने दोघं रस्त्यावर उभी होती. ऊन अजून होतं.

"नोकरी?"

"गेली. तुझी मालिका?"

"तीही." तिला रडू यायला हवं होतं, पण उलट हलकं वाटत होतं. "लेन... तू मला आवडतोस. फार दिवस सांगायचं होतं."

तो कानापर्यंत लाल झाला. "मग... लग्न करशील?"

"करीन. पण पडद्यावर मी प्रिंगलच राहणार."

"राहा की," तो म्हणाला. "तेवढं एकच नाव मला न बघता रंगवता येतं."