आष्टीचा इन्व्हर्टर

सर्जेराव दारातूनच बोलत आत आला. "ताई, मी कुणाला फसवलं न्हाई. पर आष्टीत आता माझं कुणी खरं मानंना."

बीडच्या शिवकांताबाई खाजगी तपासाची कामं घेत. बहुतेक लग्नाच्या स्थळांच्या चौकशीची. त्यांचे यजमान श्रीशैल बँकेतून निवृत्त झाल्यापासून प्रत्येक तपासात फरफटत जात. ऐन उन्हाळ्यातल्या रविवारी, जेवून जरा आडवं व्हावं म्हणताना, एका जुन्या इन्व्हर्टरची रडकथा कानी पडली आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

सर्जेरावचा आष्टीत फोटो स्टुडिओ होता. जुना इन्व्हर्टर त्याने इंटरनेटवर विकायला काढला आणि गेवराईच्या स्वप्नालीने लॅपटॉप चार्ज करायला तो घेतला. तिच्याकडे तो लोडशेडिंगमध्ये लाल दिवा लावून किंचाळायचा आणि बंद पडायचा. तिने त्याच साइटवर सर्जेरावला लबाड म्हटलं. तिची मावशी आष्टीचीच, त्यामुळे बोभाटा व्हायला वेळ लागला नाही.

"लाल दिवा म्हणजे बॅटरी उतरली?" शिवकांताबाईंनी विचारलं.

"न्हाई, बॅटरीचा पिवळा. लाल म्हंजे लोड जास्त. माझे दोन कॉम्प्युटर चालायचे त्याच्यावर, ताई. एका लॅपटॉपनं काय होतंय?"

तिघं घामाघूम होऊन गेवराईला पोचले, तर तिथेही वीज सकाळपासून गेलेली. स्वप्नाली तळमजल्यावर भाड्याने राहत होती. पुण्याच्या प्रकाशकाचं पुस्तक ती टाइप करून देणार होती आणि मुदत टळून गेली होती. सर्जेरावला पाहताच ती तडकली. आत्ताच, तुम्ही यायच्या आधी, हा डबा पुन्हा बोंबलून बंद पडला, म्हणाली. शिवकांताबाईंनी विचारलं, त्याला दुसरं काही लावलं होतं का? नाही, फक्त लॅपटॉप. पंखासुद्धा नाही.

इन्व्हर्टरची जोडणी करणारा वायरमन त्रिंबक चौकातच राहायचा. त्याला बोलावलं. त्याचं नव्या इन्व्हर्टरचं दुकानही होतं, हे कळताच श्रीशैल मनात म्हणाले, सापडला चोर. यानेच काहीतरी बिघडवलं.

"भंगार हाय ते," त्रिंबक म्हणाला. "त्या डब्याला वरखाली सगळं झेपायचं न्हाई. नवा घ्या म्हनून मी पैल्यापासून सांगतोय."

श्रीशैलांनी इन्व्हर्टर उघडायला लावला. आत सगळं जागच्या जागी होतं. ते आणखी वैतागले.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरून घरमालकीण कौशल्याबाई भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन आल्या. "घ्या, आत्ताच मिक्सरातून काढलीय. मधीच बंद पडला मेला, म्हनून जरा जाडसर राह्यली." श्रीशैलांना चटणी फार आवडली. शिवकांताबाईंनी घास हातातच धरला आणि इन्व्हर्टर चालू करायला सांगितलं. लॅपटॉप मुकाट्याने चार्ज होऊ लागला.

"आता वर जाऊन मिक्सर लावा, कौशल्याबाई."

वर घरघर सुरू झाली. खाली लाल दिवा लागला, इन्व्हर्टर किंचाळला आणि बंद पडला. वरची घरघरही थांबली.

शिवकांताबाई त्रिंबककडे वळल्या. "वीज सकाळपासून नाही, तरी चटणी मिक्सरमधून निघाली. ती वीज आली कुठून? लाल दिवा सांगत होता की लोड जास्त आहे, आणि खाली तर एकच लॅपटॉप. म्हणजे दुसरं कुणी याच तारेवर होतं. आणि तुम्ही म्हणालात, वरखाली झेपायचं नाही. स्वप्नालीचा संसार फक्त खाली. वरचं तुमच्या तोंडी आलंच कसं?"

त्रिंबकला सगळं कबूल करावं लागलं. कौशल्याबाई खाली आल्या त्या गोंधळूनच. देव्हाऱ्यात इन्व्हर्टरचा एक दिवा तेवढा जोडून दे, असं त्यांनी त्याला म्हटलं होतं. त्याने कुणाला न सांगता वरच्या स्वयंपाकघराची सगळी लाइनच जोडून टाकली. तक्रारी आल्यावर कारण त्याला ठाऊक होतं; पण गप्प राहिलं तर नवा इन्व्हर्टर खपणार होता.

"मला काय म्हाईत बाई, मिक्सर चालतोय तो हिच्या डब्यावर. मला वाटलं, लाइट आली," कौशल्याबाई म्हणाल्या.

त्रिंबकने शिडी आणून वरची तार तोडली. स्वप्नालीने इन्व्हर्टर पुन्हा चालू केला. मग म्हणाली, "दादा, चुकलं माझं. साइटवर आत्ताच तसं लिहिते."

"ते लिव्हा निवांत," सर्जेराव मोबाइल पुढे करत म्हणाला. "आधी हा माझ्या घरचा नंबर लावा. बायको माझी, ती तुमची साइट वाचत न्हाई. तिला सांगा."