जासईच्या झऱ्यात विष

"मॅडम, झऱ्यात कोणीतरी विष घातलंय. कासिमचाचांची तान्ही नात निळी पडली!" ठाण्यातला हवालदार फोनवर ओरडला.

फौजदार वैजयंती दोन ड्युट्या सलग करून कामोठ्याला घरी निघाली होती. कसलं घर नि कसली झोप! तिने गाडी जासईकडे वळवली.

नात हुदा हॉस्पिटलात ऑक्सिजनवर होती, सोबत आई सुमय्या. कासिमचाचा काठी घेऊन झऱ्यावर पहारा देत उभे होते. वरच्या उतारावर त्यांचाच पालकाचा मळा, काळपट हिरवागार. झऱ्याच्या खाली कंटेनर यार्ड.

"यार्डवाल्यांचं काम हाय," चाचा गरजले. "टँकर धुतात हरामखोर!"

"यार्ड खाली आहे, चाचा. पाणी काय डोंगर चढतं?"

वैजयंतीने ओंजळ भरून पाहिली. ना वास, ना तवंग. दगडांवर मात्र बोटभर शेवाळ.

"हे पाणी कोण पितं?"

"सगलं घर."

"आणि त्रास एकट्या हुदाला?"

"तिलाच. सुमय्याला दूध पुरत नाय, म्हनून पावडरचं देतो. पानी मी सोता उकळतो, अर्धं आटेपर्यंत. पोरीला कायपन होऊ नये."

वैजयंतीने वर मळ्याकडे पाहिलं. वाईट बातमी सांगणारं तोंड पुन्हा तिचंच.

"पालकाला युरिया किती?"

"सांगतात त्याच्या दुप्पट. पान काळंशार नसलं तर मार्केटात कोन विचारतो? त्यावर दुपारभर पाण्याचा पाइप सोडतो."

"जास्तीचा युरिया पीक घेत नाही, चाचा. पाण्याबरोबर मुरतो, नायट्रेट होऊन झऱ्यात उतरतो. शेवाळ त्यावरच माजलंय. मोठ्यांना लगेच बाधत नाही, तान्ह्याचं रक्त मात्र ऑक्सिजन नेईनासं होतं. डॉक्टरांनाही तोच संशय आहे, येताना फोनवर बोलले. उकळून जंतू मरतात, नायट्रेट नाही. पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं, उलट दाट होतं."

"म्हंजे यार्डवाले..."

"नाही. वर मळ्यातही तुम्ही, नि चुलीपाशीही तुम्हीच."

चाचांनी पहाऱ्याची काठी खाली ठेवली. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. सुमय्या हुंदके देत होती, पण आनंदाने.

"अब्बा, हुदा रडली! रंग आला तिला. तुमी एवढी काळजी घेता, म्हनून वाचली."

वैजयंतीने मान फिरवली. असल्या गुन्ह्याला कुठलं कलम लावायचं, तिला सुचेना.

चाचांनी फोन दोन्ही हातांनी धरला. "बेटी, विष घालनारा सापडला," ते म्हणाले. "मीच हाय तो. आता पोरीला बघायला येऊ का नको, तू सांग."