गप्प माळा

१९८८ साल. ऑगस्ट सरत आला होता. टांझानियातल्या उसंबाराच्या डोंगरावर थंडी अजून होती आणि सगळ्यांचा मका माळ्यावर चढला होता.

म्हातारा शेम्बिलू चुलीपाशी विषाच्या गोळ्या वळत होता. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, त्यात सुकी मासळी आणि बाजारातून आणलेली काळी पूड. माळ्यावर उंदरांनी उच्छाद मांडला होता. कणसं कुरतडण्याचा आवाज दिवसासुद्धा थांबत नव्हता. खाली सून म्वांटुमू आणि नात सिकुझानी झोपायच्या, त्यांच्या अंगावर भुसा पडायचा. मुलगा टांगा नावाच्या शहरात कामाला. घरात पुरुष एकटा शेम्बिलू.

शेजारचा कनिकी दारात येऊन उभा राहिला.

"काय म्हाताऱ्या, उंदरांना जेवण? आम्हाला कधी चहा विचारला नाहीस."

"ये आत. तुलाही वाढतो."

कनिकी हसला. मग त्याचं हसू गेलं. "विष घालू नकोस. उंदीर आपोआप मेले की घर सोडायचं, एवढं एकच आपल्या हातात आहे. विषाने मेले तर तुला कळणार कसं?"

त्या खोऱ्यात हे पोरासोरांनाही ठाऊक होतं. गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, आधी माळ्यावरच्या उंदरांत येतो, मग खाली उतरतो. गेल्या वर्षी ओढ्यापलीकडचं बीबी किटोजो म्हातारीचं घर असंच रिकामं झालं होतं.

"घर माझं आहे," शेम्बिलू म्हणाला. "मला शिकवू नकोस."

दोन-तीन दिवसांत माळा गप्प झाला. कुरतडणं नाही, धावणं नाही.

"बघ," शेम्बिलूने सुनेला ऐकवलं. "आणि कनिकी आपल्याला घराबाहेर काढायला निघाला होता."

त्याच संध्याकाळी, चुलीचा धूर वर चढत असताना, माळ्यावर आवाज झाला. कुरतडण्याचा नव्हे. टोपलीत दाणे ओतल्याचा. सरसर... मग थांबायचा. टोपली भरली का, हे कुणी वाकून पाहावं तेवढा वेळ. मग पुन्हा सरसर...

"बाबा... वर कोण आहे?" म्वांटुमूने विचारलं.

"उंदीर."

"उंदीर मेले ना?"

शेम्बिलूने वर पाहिलं. माळ्यावरचा मका अजून कणसांतच होता. एकही कणीस सोललेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो शिडीवरून वर गेला. माळ्यावर दुपारचाही अंधारच असतो. काजळीचा वास होता आणि त्याखाली दुसरा, गोडसर. कणसांच्या मध्ये उंदीर पडले होते, पोटं वर करून. त्याने कोपऱ्यात काठी फिरवली. विषाच्या गोळ्या जिथे ठेवल्या तिथेच होत्या. सगळ्या. एकीलाही दात लागला नव्हता.

तो खाली उतरला. "सामान काढ. आत्ता."

"सिकूचं अंग तापलंय, बाबा."

पोर चटईवर पडली होती. जांघेत लिंबाएवढी गाठ. डोळे उघडे, माळ्याकडे लागलेले.

"आजोबा, वरची आजी टोपली मागते."

"कुठली आजी?"

"ओढ्यापलीकडची. म्हणते, मका नसेल तर... दुसरं काही चालेल."

शेम्बिलू चटईपाशी खाली बसला. दुष्काळाच्या साली बीबी किटोजोने त्याला टोपलीभर बियाणं उसनं दिलं होतं. पीक हाती आलं तोवर ती तापाने गेली. तिच्यामागे कुणी उरलं नव्हतं. मेलेल्या माणसाला मका कशाला, म्हणून त्याने तो खाल्ला. घरात कुणाला हे सांगितलं नव्हतं.

"हिला पाठीशी बांध," तो सुनेला म्हणाला. "खालच्या गावात दवाखाना आहे. नीघ."

"आणि तुम्ही?"

"माझं एक देणं आहे. ते देतो आणि तुला वाटेत गाठतो."

"देणं? आत्ता? बाबा, पोर जळतेय!"

"तिच्यासाठीच जातोय."

ती गेली. त्याने कणसं सोलून दाणे काढले. अंगठ्याची साल निघाली तरी थांबला नाही. टोपली शिगोशीग भरून डोक्यावर घेतली आणि धुक्यातून ओढा ओलांडला.

बीबी किटोजोच्या घराचं छप्पर खाली आलं होतं. माळा उरलाच नव्हता. चुलीत गवत उगवलं होतं. त्याने चुलीच्या दगडांवर टोपली टेकवली.

"बीबी, तुझं बियाणं. वर शीग लावून दिलंय. पोर माझी आहे... तिला हात लावू नकोस."

तो वळला. पाठीमागे, जिथे माळा नव्हता तिथून, आवाज आला. सरसर... त्याने मागे पाहिलं नाही.

दवाखान्याच्या वाटेवर त्याला फार चालावं लागलं नाही. म्वांटुमू परत वर येत होती. पोर अजून पाठीशी बांधलेली होती. मान एका बाजूला पडली होती.

"पोचलेच नाही, बाबा," ती म्हणाली. "वळणावर सिकू म्हणाली, आजी थांब, मी येते... मग जड झाली."

सकाळी तिला पुरलं. कनिकीने घराचं दार लाकडं ठोकून बंद केलं.

मग शेम्बिलू एकटा ओढ्यापलीकडे गेला.

टोपली जागेवर होती. शीग नव्हती. जास्तीचे दाणे बाजूच्या दगडावर नीट काढून ठेवले होते. उसनं परत घेताना माप तळहाताने सपाट करतात, तसं ते केलेलं होतं. दाण्यांवर काजळीचा तळहात उमटला होता. लहान होता, सिकूच्या हाताएवढा.

शेम्बिलूने टोपली तिथेच राहू दिली. देणं फिटलं होतं.