सोनवट नदी पेटली तेव्हा

चैत्राली घाटाच्या पायऱ्या उतरत होती आणि समोर नदी जळत होती.

काठावरचं गवत नव्हे, कचऱ्याचा ढीगही नव्हे. नदीच. बंधाऱ्याजवळच्या पाण्यावरून नारिंगी ज्वाळा सरकत होत्या आणि त्यातून डांबरासारखा काळा धूर वर चढत होता. भर दुपारचं ऊन एवढं लख्ख होतं, की मधूनच ज्वाळा दिसेनाशा व्हायच्या आणि नुसतीच हवा थरथरायची. मग चैत्रालीला वाटायचं, आपल्याला भास झाला. तेवढ्यात पुन्हा भडका उठायचा.

ती बाबांचा डबा घेऊन आली होती. तिचे बाबा, सुदाम भोई, नगरपरिषदेच्या होडीतून नदीतली जलपर्णी काढायचं काम करत. त्यांची होडी पार मध्यावर, हिरव्या जलपर्णीच्या गालिच्यात उभी होती. बाबा वाकून होडीच्या इंजिनाच्या पंख्यात अडकलेल्या वेली तोडत होते.

"बाबा! आग!"

त्यांनी वळून पाहिलं आणि तेही नुसते बघतच राहिले.

घाटावर एका लोखंडी चौथऱ्यावर पाणमांजर बसलेलं होतं. पाणमांजर म्हणजे नदी तपासणारा यंत्रमानव. लांबट अंग, तपकिरी रबरी कातडी आणि तोंडाशी मिशांसारखे संवेदक (बारीकसा बदलही टिपणारी उपकरणं). रोज सकाळी ते नदीत बुडी मारून पाणी तपासायचं. चैत्रालीशी त्याची ओळख होती.

"पाणमांजर, नदीला आग लागलीय!"

"सोनवट नदीचं पाणी ठीक आहे," ते शांतपणे म्हणालं. "पाणी जळत नाही. माझा उष्णतेचा संवेदक आग दाखवतो आहे, त्या अर्थी तो बिघडला आहे. मी तो बंद केला."

"अरे, पण मला दिसतेय ना आग!"

"मग तुझ्या डोळ्यांतही बिघाड असेल."

चैत्रालीने खरंच डोळे चोळले. आग होती तिथेच होती. उलट वारा वरच्या अंगाला वाहत होता आणि ज्वाळा हळूहळू होडीकडे निघाल्या होत्या.

लोक धावत आले. कोणी म्हणालं, पुलाच्या कठड्याचं वेल्डिंग चाललंय, तिथली ठिणगी पडली. दुसरा म्हणाला, ठिणगी पाण्यात पडली तर विझते, पेटते कशी? एक म्हातारे गृहस्थ हात जोडून उभे राहिले. घंटा वाजवत बंब आला आणि त्याचा प्रमुख खाली उतरला. त्याने नदीकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं, पुन्हा नदीकडे पाहिलं. "आता नदीवर पाणी मारायचं?" तो पुटपुटला. पण मारायला दुसरं काही हाताशी नव्हतं. "सोडा!"

पाण्याचा जाड झोत आगीवर आदळला आणि आग विझायच्या ऐवजी फुटली. जळते शिंतोडे चहूकडे उडाले. जलपर्णीची एक कडा चरचरत पेटली.

"थांबवा! पाणी बंद करा!"

पायऱ्या उतरत डॉ. हमीदा मुलाणी ओरडत होत्या. त्या नदी प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञ होत्या आणि पाणमांजर त्यांच्याच देखरेखीखाली असायचं. झोत थांबला. त्यांनी एका दमात फोनवरून औद्योगिक वसाहतीतला फेसाचा बंब मागवला.

"फेस?" चैत्राली आणखीनच गोंधळली. "मॅडम, फेस तर नदीवर रोज असतो!"

"तो साबणाचा. हा वेगळा, आगीवर गोधडीसारखा पसरणारा. आगीला हवा मिळू देत नाही. पण तो बंब यायला वेळ लागेल गं." त्यांनी होडीकडे पाहिलं. "पाणमांजर, सुदामभाऊंच्या होडीला दोर बांध आणि वरच्या अंगाला ओढून ने."

"क्षमस्व. संवेदक बिघडलेला असताना मला पाण्यात उतरायची परवानगी नाही."

"मी सांगतेय ना!"

"नियम सुरक्षेचा आहे. दुरुस्ती झाल्याशिवाय तो उठत नाही."

मॅडमनी हातातल्या संगणकाच्या पाटीवर भराभर बोटं चालवली. पाणमांजराला अडकवून ठेवणारं चौथऱ्याचं कुलूप उघडेना. त्यांच्या कपाळावर घाम आला. "मलाही कळत नाहीये," त्या अर्धवट स्वतःशीच म्हणाल्या. "याचा आजचा अहवालसुद्धा म्हणतो, पाणी ठीक. मग जळतंय काय?"

बाबा तोंडाला गमछा बांधून होडीच्या दुसऱ्या टोकाला सरकले होते. उडी मारावी, तर जलपर्णीच्या वेलींत हातपाय अडकायचे आणि मागून ज्वाळा गाठायच्या.

चैत्राली एकदा ज्वाळांकडे, एकदा पाणमांजराकडे बघत होती. मॅडम म्हणतात, आग आहे. पाणमांजर म्हणतं, पाणी जळत नाही. कोणीतरी चुकत असणारच. पण पाणी जळत नाही, हे तर खरंच आहे! आणि आग लागलीय, हेही खरंच आहे. दोन्ही खरं असेल तर?

"पाणमांजर, तू पाणी तपासतोस ते कुठून घेतोस?"

"नेहमी एक मीटर खोलीवरून. वर कचरा तरंगतो, त्याने मोजमाप बिघडतं."

मॅडम गर्रकन वळल्या. "म्हणजे वरचं पाणी आपण कधी पाहिलंच नाही!"

चैत्रालीने डब्याच्या पिशवीतली पाण्याची पारदर्शक बाटली काढून रिकामी केली. आगीपासून लांब, काठाशी बसून ती आडवी धरली आणि अगदी वरवरचं पाणी तिच्यात घेतलं. मग ती पाणमांजराच्या डोळ्यांपुढे सरळ धरली. बाटलीतलं पाणी आधी गढूळ दिसलं. मग हळूहळू त्याचे दोन भाग झाले. खाली राखाडी पाणी आणि वर तपकिरी थर, मिसळीच्या रश्श्यावर तर्री येते तसा.

"वरच्या थरात मिशी बुडव," ती म्हणाली.

पाणमांजराने मिशी बुडवली.

"हे पाणी नाही."

"नाहीच! पाणी जळत नाहीये, पाण्यावरचं तेल जळतंय. तुझा संवेदक खरं बोलत होता!"

"मग संवेदकात बिघाड नाही." चौथऱ्याचं कुलूप खट्कन उघडलं. "परंतु ज्वाळांतून जाणं मला शक्य नाही."

"खालून जा! तू रोज जातोस तिथून. खाली पाणीच आहे."

पाणमांजराने बुडी मारली. पाण्यावर एक गोल वलय उठलं आणि नाहीसं झालं. चैत्राली श्वास रोखून बघत राहिली. धुरात होडी दिसेनाशी झाली. मॅडमनी तिचा खांदा घट्ट धरला होता. धूर हलला तेव्हा होडीच्या पुढच्या टोकाशी तपकिरी डोकं वर आलेलं दिसलं. बाबांनी दोर टाकला. होडी एकदा अडकली, जलपर्णीच्या वेली ताणल्या गेल्या, तुटल्या, आणि होडी वरच्या अंगाला सरकू लागली. त्या बाजूला पाण्यावर थर जवळजवळ नव्हताच. आग मागेच राहिली.

फेसाचा बंब आला आणि नदीवर पांढरी चादर पसरली. तिच्याखाली आग गुदमरून विझली.

बाबा काठावर आले तेव्हा त्यांच्या भुवया जळून गेल्या होत्या. चैत्रालीला त्यांचा चेहरा ओळखीचाच वाटेना. "रडतेस काय पोरी? उगवतील परत," ते म्हणाले, आणि स्वतःच खाली बसून रडले.

दोन दिवसांनी चैत्राली प्रयोगशाळेत गेली. तिच्या डोक्यातला गुंता अजून सुटला नव्हता.

"मॅडम, पाण्याने आग विझते. मग बंबाच्या पाण्याने ती भडकली कशी?"

"फोडणीच्या तापलेल्या तेलात पाण्याचा थेंब पडला, तर?"

"तडतडतं. अंगावर उडतं."

"तसंच झालं. तेलाची घनता (आकाराच्या मानाने असलेला जडपणा) पाण्यापेक्षा कमी. म्हणून तेल वर राहतं आणि त्यावर मारलेलं पाणी त्याच्या खाली जातं. जाताना त्यातल्या थोड्या पाण्याची एकदम वाफ होते, आणि ती वाफ जळतं तेल उडवते."

"आणि एवढ्याशा ठिणगीने पेटलं कसं? आई तर म्हणते, ओंजळभर तेलात जळती काडी टाकली तरी विझते."

"आई बरोबर सांगते. तेल स्वतः जळत नाही, जळतं त्याचं बाष्प (द्रवातून उडून हवेत मिसळणारा वायू). खायच्या तेलातून साध्या उन्हात ते जवळजवळ निघतच नाही. पण रंग पातळ करायचं द्रावण, पेट्रोलसारखी तेलं, यांच्यातून ते सारखं निघत असतं. नदीवर ते साचलेलंच होतं, हवाही होती. फक्त ठिणगी उरली होती."

"मग हे तेल सोडलं कोणत्या कारखान्याने?"

मॅडमनी सुस्कारा टाकला. "तिथेच तर माझा गोंधळ झाला होता. सगळ्या कारखान्यांच्या सांडपाण्याच्या नळांची तपासणी केली. प्रत्येक जण म्हणतो, आमच्या पाण्यात तेल अगदी नावापुरतं. आणि तेही खोटं नाही."

"मग एवढं आलं कुठून?"

मॅडमनी तिला बंधाऱ्यावर नेलं. बंधाऱ्याची दारं तळाशी होती. पाणी खालून फेसाळत बाहेर पडत होतं. वरच्या बाजूला मात्र नदी निवांत होती आणि भिंतीला तपकिरी साय चिकटली होती.

चैत्रालीने वाकून आधी खालची दारं आणि मग वरची साय न्याहाळली. "पाणी खालून निघून जातं," ती सावकाश म्हणाली, "आणि तेल वर असतं... त्याला दारच नाही."

"नाहीच. प्रत्येकाचं नावापुरतं तेल इथे येऊन थांबतं. रोज थोडं, अनेकांचं, अनेक वर्षांचं."

"म्हणजे नदी कोणी पेटवली? एकानेही नाही आणि सगळ्यांनीच?"

"असंच म्हणावं लागेल. म्हणून 'माझं थोडंसंच आहे' ही सबब यापुढे कोणाचीच चालू द्यायची नाही."

हे चैत्रालीला पटलं, पण राग नेमका कोणावर काढायचा ते कळेना. सगळ्यांवर थोडा थोडा काढला, तर तोही नावापुरताच व्हायचा.

पावसाळा संपेपर्यंत बऱ्याच गोष्टी बदलल्या. पाणमांजराला वरचा थर तपासणारी आखूड मिशी बसवली. प्रत्येक कारखान्याच्या नळापुढे तेल अडवणारा तरंगता पट्टा आला, आणि त्यात अडकलेलं तेल त्याच कारखान्याने परत न्यायचं ठरलं. एकाने पहिल्याच आठवड्यात पट्टा कापला. पाणमांजराने ते लगेच कळवलं आणि त्याचा नळ बंद झाला. बंधाऱ्याजवळचा जुना थर बाबा होडीतून शोषून काढू लागले. त्यांच्या भुवया उगवल्या होत्या, फक्त डावी जराशी वाकडी.

तरी काठच्या चिखलात तेल मुरलेलं होतंच. ते कसं काढणार? मॅडमनी तिला काचेचं एक भांडं दाखवलं. त्यात नदीचाच काळा चिखल होता.

"यात जिवाणू (डोळ्यांना न दिसणारे इवले जीव) आहेत. ते तेल खातात. नदीतच होते, फार थोडे. त्यांना हवा आणि खत देऊन आम्ही वाढवतोय. पुढच्या उन्हाळ्यात काठावर सोडू."

चैत्रालीने भांड्याला नाक लावलं. काहीच दिसेना. "सगळं तेल खाऊन संपलं की मग हे काय खाणार?"

"काही नाही. बहुतेक उपाशी मरतील."

"अरेरे!" ती एकदम म्हणाली. मग थांबली. वाईट वाटून घ्यायचं की आनंद मानायचा, तिला ठरवता येईना. त्या इवल्या जिवांनी नदी चाटूनपुसून साफ करायची आणि शेवटी त्यांच्या वाट्याला उपास.

मॅडम हसल्या. "काय झालं?"

"मॅडम, आपण त्यांना उपाशी ठेवायचंच ना?"

"प्रयत्न तर तोच आहे."

चैत्रालीने भांड्यावर हलकेच टिचकी मारली. "सॉरी हं," ती चिखलाला म्हणाली. "पण तुम्हाला पुन्हा काही खायला मिळू नये, यासाठी आम्ही फार कष्ट घेणार आहोत."