सुकलूचं इटलीहून आलेलं पत्र

पटो न पटो, हे आमच्याच घरात घडलेलं आहे. इसरू म्हणजे माझ्या आजीचा धाकटा भाऊ. गाव वडशापासून आत, जंगलात. साल १९५३, भादवा महिना.

इसरूचा मोठा भाऊ सुकलू दुसऱ्या महायुद्धात पलटणीबरोबर इटलीला गेला, तो परतलाच नाही. सरकारने 'बेपत्ता' कळवलं. आठ वर्षांनी तिकडच्या एका बाईचं चार पानी पत्र आलं. तहसीलच्या साहेबालाही ते वाचता येईना!

इसरू मॅट्रिक झालेला, भारी हट्टी. नागपूरहून इंग्रजीतून इटालियन शिकवणारं पुस्तक मागवलं आणि रोज मोठ्याने घोकू लागला. गाव हसायचं, "इसरू येडा झाला बाप्पा!"

वर्षभरात दोन पानं लागली. जखमी सुकलूला त्या बाईने गोठ्यात लपवलं होतं. अंगात ताप, शुद्ध नाही…

"बस कर," माय सुकरी रडत म्हणाली. "गेला माहा लेक. त्याले घरी आनू."

त्यांच्या घराण्याची रीत होती. शिवेवर जाऊन मेलेल्याला तीन हाका मारायच्या, तिथला गोटा उचलून आणायचा, धानाच्या कोठीजवळ बसवायचा. बसवलेल्याला उठवायची रीत मात्र नाही.

गोटा बसवला. दुसऱ्या दिवशी इसरू पुस्तक घेऊन बसला.

"फ्रातेलो… म्हणजे भाऊ."

कोठीमागून आवाज आला…

"फ्रातेलो नाई रे. फ्रातेल्लो."

सुकलूचाच आवाज!

इसरू घाबरला नाही. त्याला हुंदका फुटला. भाऊ घरी आला होता. मग शब्द अडला की कोठीमागून अर्थ यायचा. तिसरं पान आठ दिवसांत लागलं.

चौथं पान उघडलं…

"पुढं वाचू नोको."

काऊन, हे काही तो आवाज सांगेना. इसरूने एकट्यानेच शब्द लावले. मग मायला वाचून दाखवलं.

ताप उतरला होता. सुकलू जिवंत होता! त्याला लिहिता येत नव्हतं, म्हणून पत्र तिने लिहिलं होतं. त्या बाईशीच लग्न केलं होतं, एक मुलगी होती. १९५३च्या दिवाळीला तो मायला भेटायला येणार होता. दिवाळी दीड महिन्यावर होती.

सुकरीच्या हातातलं ताट पडलं. "मंग… हा कोन होय?"

कोठीमागून सावकाश उत्तर आलं…

"मी आलो ना, माय. आता त्याले कायले बलावतं?"

दोघं दाराकडे धावले. दार उघडंच होतं.

पण उंबऱ्यापुढे पाऊल पडेना.

इसरूने रडत रडत इटालियनमध्ये लिहिलं, 'फ्रातेल्लो, येऊ नको.' शेजारच्या झिंगूने ते पत्र दारातूनच घेतलं आणि पोस्टात टाकलं.

सुकलू कधी आला नाही. मायलेक त्या घरातून कधी बाहेर पडले नाहीत.

लहानपणी मी आजीसोबत त्या दारापर्यंत गेलो होतो. आतून कोणीतरी मला नावाने हाक मारली… "आत ये ना, बापू."

इसरू समोरच बसला होता. ओठ घट्ट मिटलेले, डोळ्यांत पाणी.

तो नुसती मान हलवत होता… नको, नको.