हिरड्यांचा डाव

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोंभुर्ण्याहून बल्लारपूरला निघालेली सर्विस मोटार नाल्याच्या अलीकडे थांबली ती थांबलीच. रपट्यावरून, म्हणजे नाल्यातल्या ठेंगण्या पुलावरून, गढूळ पाणी चाललं होतं. ड्रायव्हरनं उतरून पाणी पाहिलं, विडी पेटवली आणि सीटवर आडवा झाला. एवढ्यात काही निघणं नाही, हे सगळ्यांना कळलं.

वडिलांच्या मागोमाग रस्त्याकडेच्या जंगल नाक्याच्या पडवीकडे जाताना रंभाचा पाय चिखलात घसरला. मागून कुणीतरी तिचा कोपर धरला. खाकी शर्टातला एक उंच पोरगा होता. तिनं वळून पाहताच त्यानं चटका बसल्यासारखा हात सोडला.

"माफ करा जी..."

"पडली असती तं माफी मागा लागत होती," रंभा म्हणाली. "धरलं, त्याची कायची माफी?"

तो लाजला. एवढा दांडगा गडी लाजतो म्हटल्यावर रंभाला गंमत वाटली, आणि तिनं पुन्हा एकदा पाहून घेतलं.

त्याचं नाव पत्रू. बल्लारपूरच्या कागद कारखान्यात फिटरच्या हाताखाली कामाला होता. रंभाचे वडील नानाजी यांनी पडवीत टेकल्या टेकल्या त्याचं गाव काढलं, बापाचं नाव काढलं. घाटकुळच्या लटारूचा पोरगा, म्हणजे आपल्याच जातगोतातला, असं ठरल्यावर त्यांनी समाधानानं खिशातून पत्ते काढले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्या भागात पत्त्यांना कुणी नाव ठेवत नाही. एरवी लपून खेळणारे त्या दिवशी उजळ माथ्यानं खेळतात, आणि नानाजी तर एरवीही लपत नसत. मुलगा नव्हता म्हणून त्यांनी लेकीलाच खेळायला शिकवलं होतं.

"मी एक नवा खेळ सांगू का?" पत्रू म्हणाला. "मशीन बसवाले अमेरिकेचा मिस्त्री आला होता, त्यानं शिकवला."

खेळ सोपा होता. दोन पत्ते ज्याच्या त्याच्या हातात, झाकलेले. मधोमध आधी तीन उघडायचे, मग एक, मग शेवटचा एक. हातातले आणि मधले मिळून ज्याचे पाच पत्ते भारी, त्यानं ढीग उचलायचा; जोडीपेक्षा ओळीनं लागलेले पाच भारी, आणि एकाच रंगाचे पाच त्याहून भारी. पैशाऐवजी नाकेदार नथ्थूनं पोत्यातले हिरडे दिले. पत्ता उघडला की ज्याला वाटेल त्यानं ढिगात हिरडा टाकून वाढवायचं, एका वेळी एकच; बाकीच्यांनी तेवढाच टाकायचा, नाहीतर पत्ते टाकून डावातून उठायचं. मोटारीतली म्हातारी रुखमाबाईही पदर खोचून बसली.

"अन् एक ध्यानात ठेवा," पत्रू म्हणाला. "हात अजून बनला नाई, पण बनाले लई पत्ते बाकी आहेत, अन् खेळणारेही लई बसले आहेत... तं भ्यायचं नाई. तेव्हाच वाढवायचं."

सांगितलं खरं, पण गडी स्वतः तसं खेळेना. एकदा डाव संपल्यावर त्याचे पत्ते उघडे पडले. चौकटचे चार पत्ते आधीच जमले होते, पाचवा यायचा तेवढा राहिला होता, तरी तो गप्प बसून नुसता दुसऱ्यांच्या मागं हिरडे टाकत राहिला होता.

"लोकाले शिकवता, अन् सोता?" रंभानं विचारलं.

"मले भेव वाटते. शेवटचा पत्ता नाई आला तं?"

तेवढ्यात रुखमाबाईनं नानाजींना विचारलं, "पोरीले घेऊन कुठी चालले, भाऊ?"

"बहिणीकडे. मूल गावचा दुकानदार उद्या येऊन राह्यला, पोरगी पाहाले."

पत्ते वाटता वाटता पत्रूच्या हातून एक पत्ता खाली पडला. तो उचलायला त्याला जरा जास्तच वेळ लागला. रंभानं ते पाहिलं. दुकानदाराचं स्थळ चांगलं होतं. सकाळपर्यंत तिची काहीच तक्रार नव्हती. आता होती.

पुढच्या डावात तिच्या हातात बदामाची नव्वी आणि दश्शी आली. मध्ये उघडले बदामाची अठ्ठी, बदामाचा गुलाम आणि इस्पिकचा राजा. म्हटलं तर हातात काहीच नव्हतं. पण कुठलंही बदाम येवो, कुठलीही सत्ती नाहीतर राणी येवो, काम झालं असतं. चारही जण बसलेच होते. रंभानं हिरडा वाढवला. पत्रूनं चमकून पाहिलं. चौथा पत्ता कोरडा गेला, तरी तिनं पुन्हा हिरडा वाढवला. पाचवा पत्ता आला... किलवरची दुरी.

तिनं पत्ते टाकून दिले आणि हसली. राजाच्या जोडीवर पत्रूनं ढीग ओढला, पण जिंकणाऱ्याचा चेहरा काही खुलला नाही.

"हारल्या की," तो हळूच म्हणाला.

"हारली. चुकली नाई."

"वाईट नाई वाटत?"

"पत्ता येणं माह्या हाती होतं का? वाढवणं होतं, ते केलं." तिनं त्याच्याकडे सरळ पाहिलं. "तुमी काऊन नाई करत?"

पत्रूचे कान लाल झाले. "मी अजून पर्मनंट नाई," तो पुटपुटला. "हात बनला का मंग..."

"मंग? तवर लोकं उठून जातील ना!"

ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. रपटा उघडा पडला होता. सगळे घाईनं मोटारीत चढले. रंभा खिडकीशी बसली, शेजारी नानाजी. पत्रू पार मागच्या बाकावर जाऊन बसला, आणि रंभाला त्याचा असा राग आला की तिनं मागं वळून पाहायचंच नाही असं ठरवलं.

मोटार नाल्यात उतरली, हिसके देत पलीकडे चढली. तेव्हा तो बाकांना धरत धरत पुढे आला.

"नानाजीभाऊ... उद्या मी येऊ का? माह्या बाबाले घेऊन... पोरगी पाहाले."

नानाजी बघतच राहिले. "अरे, उद्या तं मूलचे येऊन राह्यले!"

"येऊ द्या जी," पत्रू म्हणाला. बाक घट्ट धरून तो बोलत राहिला. "माही नौकरी अजून कच्ची आहे. पण बनन... बनाले लई जागा आहे. अन् लोकं बसले असतानाच वाढवा लागते."

रुखमाबाईनं तोंडाला पदर लावला. नानाजींनी लेकीकडे पाहिलं. ती खाली मान घालून बसली होती, पण ओठांवरचं हसू काही ताब्यात नव्हतं.

"तुह्या मनात काय आहे, रंभा?"

रंभानं मूठ उघडली. उठताना तिनं एक हिरडा तसाच हातात ठेवला होता. तो तिनं वडिलांच्या तळहातावर ठेवला.

"मी खेळून राह्यली, बाबा."