दहा हजार आठशे चित्रं

चौथ्या दुकानातून बाहेर पडताना ती इतकी संतापली होती, की समोरून येणारा माणूस तिला दिसलाच नाही. त्याला ती दिसणं तर शक्यच नव्हतं, कारण त्याच्या पोटापासून नाकापर्यंत एक चंदेरी धातूचं धूड होतं.

धडक बसली. धूड कलंडलं. तिने झेप घेऊन त्याची खालची दांडी पकडली.

"डोळे काय घरी विसरून आलात?" ती कडाडली.

"नाही... याच्या मागे आहेत," धुडाआडून आवाज आला. "पण सोडू नका हं. वीस किलो आहे."

"आहे काय हे?"

"कॉम्प्युटर. जुना मॅक. पंखा बदलून आणलाय."

"भंगारात घालायचं सोडून पंखे कसले बदलता!"

"तुम्ही आता सोडलात, तर भंगारातच घालावं लागेल."

हसू येत होतं, पण रागाच्या भरात हसायचं नाही असा तिचा नियम होता. त्याच्या इमारतीची लिफ्ट बंद होती. एक दांडी त्याच्या हातात, एक तिच्या, अशी वरात तीन मजले चढली आणि चढता चढता तिने त्याला एकेक दुकानदार ऐकवला, ज्यांना तिच्या जुन्या सीडीतला व्हिडिओ उघडता आला नव्हता. पहिला म्हणाला, फाइल खराब आहे. दुसरा म्हणाला, व्हायरस आहे. तिसऱ्याने सीडी नावाची वस्तू बघून चक्क मित्राला हाक मारली — ये, गंमत बघ! आणि चौथा म्हणाला, नवीन आणा.

"नवीन आणा म्हणे! नऊ वर्षांपूर्वीचा दिवस मी नवीन कुठून आणू?"

तो दारात थांबला. धाप लागलेली, केस कपाळावर चिकटलेले. "बघू," तो म्हणाला. "सीडी बघू तुमची."

ही एका शाळेत खेळाची शिक्षिका. मुलं तिला शिट्टीबाई म्हणायची — तोंडावर नाही, पण तिला माहीत होतं. तो लग्नाबिग्नाचे व्हिडिओ कापून-जोडून द्यायचा, म्हणून सगळे त्याला एडिटर म्हणायचे. पुढच्या खोलीत त्याच्या थोरल्या बहिणीचा, ताईंचा, फोटोचा काउंटर होता आणि मागच्या खोलीत त्याचं राज्य... दोन नवी यंत्रं, आणि आता त्यांच्या शेजारी पुन्हा स्थानापन्न झालेला हा जुना मॅक.

सीडीतल्या फाइलच्या नावाचं शेपूट पाहून त्याने भुवया वर केल्या.

"काय? खराब आहे?" तिने आधीच बाह्या सरसावल्या.

"खराब नाही हो. दुर्मीळ आहे. ज्या कॅमेऱ्याने हे टिपलंय, त्याची कंपनी केव्हाच गुंडाळली गेली. हिच्या फायली उघडणारा प्रोग्रॅम फक्त जुन्या सिस्टिमवर चालतो. नवी यंत्रं हिला ओळखसुद्धा दाखवत नाहीत."

"आणि हा दाखवेल?"

"याला मी इतक्या वर्षांत नवीन काही शिकवलं नाही," तो मॅकच्या पाठीवर थोपटत म्हणाला, "म्हणून जुनं विसरला नाही."

पहिल्यांदाच तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. बोटं लांबसडक होती. आणि बोलताना तो समोरच्याकडे असं बघायचा, जणू उत्तराची त्याला खरोखर गरज आहे.

"तो प्रोग्रॅम शोधावा लागेल. वेळ लागेल," तो म्हणाला.

"महिनाअखेरपर्यंत वेळ आहे माझ्याकडे. रोज येईन."

"रोज?" काउंटरवरून ताईंनी मान वर केली. "येऊ दे की."

ती रोज आली. शाळा सुटली की तीन जिने एका दमात. पहिल्या दिवशी फाइलमधून नुसता आवाज निघाला. काळ्या पडद्यावर माणसं ओरडत होती, शिट्या वाजत होत्या. दुसऱ्या दिवशी चित्र आलं, पण हिरवंगार.

"मी काय पोपट आहे?"

"रंग चुकतायत. उद्या—"

"उद्या, उद्या! त्या क्रीडा संघटनेनेही नऊ वर्षं हेच केलं."

तिसऱ्या दिवशी सगळं उलटं, डोकं खाली, पाय वर.

"वा! हेच न्या त्या पंचबाईंकडे. दोन्ही पाय आभाळात! फार खूश होतील त्या."

"कोण पंचबाई?" त्याने विचारलं. आणि मग तिने ते सांगितलं, जे ती नऊ वर्षं जगाला सांगत आली होती.

चालण्याची शर्यत होती, दहा किलोमीटरची. नियम साधा — एक पाय कायम जमिनीला टेकलेला हवा. दोन्ही सुटले की ते चालणं नव्हे, धावणं. तीन पंचांनी चूक धरली की खेळाडू बाद. दोघांनी आधीच धरली होती, तिला मान्य होतं, ते इशारे तिने ऐकलेही होते. पण शेवटच्या फेरीत ती पहिली होती. समोर पट्टी दिसत होती. आणि एका चष्मेवाल्या पंचबाईंनी लाल पाटी वर केली.

"माझा पाय टेकलेला होता! मला कळत नाही का माझा पाय? मागून माझी मैत्रीण आली आणि पहिली झाली. आम्ही एका खोलीत राहायचो, एका ताटात जेवायचो. ती म्हणाली, 'अगं, सुटले असतील पाय.' सुटले असतील! त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलले नाही."

"नऊ वर्षं?"

"नऊ वर्षं. आता संघटनेने जुन्या निकालांवर हरकत घ्यायला मुदत दिलीय. कपाटं साफ करताना ही सीडी सापडली. त्यांना ती बघताही येईना, म्हणून माझ्या गळ्यात मारली."

तो म्हणाला, "तुम्ही नेहमीच इतक्या रागात असता?"

"नाही. झोपेत नसते."

"खात्री आहे?"

"...तुम्हाला काय करायचंय?"

"नाही, म्हटलं, नोंद असावी."

मग ते चालणं असतं कसं, हे त्याला पाहायचं होतं. तिने पायातल्या चपला काढल्या आणि जिन्यासमोरच्या लांबट व्हरांड्यात चालून दाखवलं. गुडघा ताठ, कंबर लयीत, कोपर मागे, पावलं अशी सरळ रेषेत पडणारी, जणू फरशीवर कोणी दोरी ताणून ठेवलीय. टोकाला जाऊन ती वळली. तो दाराला टेकून उभा होता.

"हसा, हसा. सगळे हसतात."

"हसत नाहीये."

"मग काय करताय?"

"...बघतोय."

तिचे कान गरम झाले. यावर रागवायला हवं होतं खरं तर — पण राग आलाच नाही. असं तिला सहसा होत नसे.

सहाव्या दिवशी त्याला कोण्या निवृत्त कॅमेरामनकडून तो मूळ प्रोग्रॅम मिळाला. मॅकने दोन तास घरघर केली आणि पडद्यावर ती आली. बावीस वर्षांची, उन्हात चमकणारी, दात आवळलेली. दीड मिनिटाचा तुकडा. त्याने सावकाश एकेक चित्र पुढे सरकवलं. पाय टेकलेला. पुढचं — टेकलेला. पुढचं — टेकलेला. शेवटपर्यंत.

"बघा!" ती ओरडली. "बघा, ताई, या ना! टेकलाय!" आणि तिने त्याचा हात घट्ट धरला. धरला तो धरलाच. सोडायचं राहून गेलं. त्यानेही आठवण करून दिली नाही.

ती शुक्रवारची गोष्ट. सोमवारी हरकतीचा अर्ज द्यायचा होता. रविवारी सकाळी ती शाळेच्या मैदानावर एकटीच फेऱ्या मारत होती, तेव्हा फाटकातून तो येताना दिसला. लॅपटॉप छातीशी, दाढी वाढलेली. तिचं मन उगाच हरखलं... आणि लगेच तिने त्याचा चेहरा पाहिला.

"तो व्हिडिओ देऊ नका," तो म्हणाला.

"काय?"

"माझं काम अर्धवट होतं. तो कॅमेरा सेकंदाला एकशे वीस चित्रं घ्यायचा. दीड मिनिटात दहा हजार आठशे. मी तुम्हाला दिलेल्या व्हिडिओत मोजली, तर साडेतेराशेच निघाली. बदलताना प्रोग्रॅमने दर आठ चित्रं एकमेकांवर मिसळून त्यांचं एक केलं होतं. सुटलेला पाय आणि टेकलेला पाय... एकाच चित्रात. म्हणून तो टेकलेलाच दिसत होता."

"मग?"

"काल दिवसभर सगळी चित्रं वेगवेगळी काढली."

पायरीवर बसून त्याने लॅपटॉप उघडला. ती उभीच राहिली. पण उभ्यानेही दिसलं. दोन्ही बुटांखाली ऊन होतं. एक चित्र, दोन, तीन... सहा. मग टाच टेकली. पुढच्या पावलाला पुन्हा तेच. पट्टी जवळ येईल तसं प्रत्येक पावलाला तेच.

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं मोजायला?" तिचा आवाज फाटला. "मी सांगितलं होतं? माझं काम झालं होतं ना! नऊ वर्षांत पहिल्यांदा मी शांत झोपले होते दोन रात्री!"

"माहीत आहे."

"काय माहीत आहे? त्यांच्यातलेच तुम्ही! सगळे मिळून एकच!"

"नाही सांगितलं असतं, तर तुम्हाला खोटं जिंकवलं असतं मी," तो हळूच म्हणाला. "आणि ते तुम्हाला आज ना उद्या कळलं असतं. तुम्हाला... कळतंच."

"जा तुम्ही."

तो गेला. पेन ड्राइव्ह मात्र पायरीवर ठेवून गेला.

सोमवारी ती संघटनेच्या कार्यालयात गेली. तिच्या पिशवीत पहिला व्हिडिओ होता, ज्यात पाय टेकलेला होता. तिथे कोणीही चित्रं मोजणार नव्हतं. खिडकीतल्या कारकुनाने हात पुढे केला, "द्या." तिने अर्ज काढला. धरून राहिली. तो म्हणाला, "अहो बाई, देताय की नुसतं दाखवताय?" रागाने तिचं तोंड लाल झालं, पण कारकुनावरचा राग नव्हता तो. कोणावरचा, हे पहिल्यांदाच तिला नीट कळत होतं. तिने अर्ज परत पिशवीत घातला आणि बाहेर पडली.

संध्याकाळी तिने एक नंबर शोधून काढला. दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं. शेवटी एवढंच पाठवलं — 'सुटले होते पाय. तूच पहिली होतीस.'

उत्तर लगेच आलं नाही. त्या अर्ध्या तासात तिने ओटा तीनदा पुसला. मग फोनच वाजला, आणि पलीकडून तो ओळखीचा, जरा जाड झालेला आवाज — "मूर्ख! ते पदक मी एकदाही गळ्यात घातलं नाही. सांगायला नऊ वर्षं लावलीस?" आणि मग दोघी एकमेकींवर ओरडत, रडत, पुन्हा ओरडत दोन तास बोलत होत्या.

हे सगळं कुणाला तरी सांगायला हवं होतं. कुणाला तरी म्हणजे — एकालाच. पण त्याचा फोन नाही. मंगळवार गेला. बुधवार, गुरुवार गेला. शुक्रवारी शाळेत तिने तीन वर्ग उगाचच मैदानाला जादा फेऱ्या मारायला लावले. रविवारी दुपारी ती तीन जिने चढली.

ताईंनी तिला पाहिलं आणि हातातला फोटो खाली ठेवला. "आत आहे. जेवत नाही नीट. रागव त्याला, तुला जमेल."

तो जुन्या मॅकसमोर बसला होता. पडद्यावर कुणाच्या तरी लग्नातले पाहुणे एकाच जागी गोठले होते. तिला बघून तो गडबडीने उठला, खुर्ची मागे धडकली.

"आठ दिवस!" ती म्हणाली. "आठ दिवसांत एक फोन नाही?"

"तुम्ही 'जा' म्हणाला होतात."

"म्हणून गेलात?"

"तुम्ही रागावला होतात..."

"मी रागावलेलीच असते! म्हणून काय कोणी यायचंच नाही? चार दुकानदार मला खोटं बोलून वाटेला लावतात, संघटना नऊ वर्षं 'उद्या, उद्या' म्हणते, मी स्वतः माझ्याशी खोटं बोलते... आणि एक माणूस खरं बोलतो, तर तो मैदानाच्या फाटकातून जातो तो जातोच! ही काय पद्धत झाली?"

"मला वाटलं, तुम्हाला माझं तोंड—"

"तुम्हाला वाटलं! विचारलंत? अर्ज दिला नाही मी. मैत्रिणीशी बोलले. दोन तास बोलले! आणि फोन ठेवल्यावर घरात कोणी नव्हतं सांगायला. भिंतीला सांगू? तुम्हालाच सांगायचं होतं. गेले आठ दिवस जे जे झालं ते सगळं तुम्हालाच सांगायचं होतं, आणि तुम्ही... तुम्ही मला आवडता, कळलं? हे मी रागाने सांगतेय. पण सांगतेय."

खोलीत फक्त मॅकचा नवा पंखा फिरत होता. पुढच्या काउंटरवर ताई इतक्या स्तब्ध बसल्या होत्या, की खुर्चीसुद्धा करकरली नाही.

तो बोलायला लागला आणि थांबला. मग लांबसडक बोटांनी कपाळ चोळत म्हणाला, "मी... मला सुद्धा. व्हरांड्यात तुम्ही वळलात ना, तेव्हापासून. सांगणार होतो, पण मग ती चित्रं मोजली. आणि वाटलं, आधी ते सांगितलं पाहिजे. ते लपवून हे सांगितलं असतं, तर..."

"तर मी तुम्हाला जिन्यावरून ढकललं असतं."

"हो. तेच."

तिला हसू आलं. नियमाबियम विसरून ती हसली, आणि हसता हसता डोळे भरले, आणि डोळे भरल्याचाही तिला राग आला.

"आणि ते 'तुम्ही, तुम्ही' आधी बंद करा," ती नाक ओढत म्हणाली. "परक्यासारखं."

"मी बंद करतो. पण तुम्हीसुद्धा आत्ता—"

"मी आधी म्हटलं. तू आधी कर."

त्याने शेजारच्या खुर्चीवरच्या वायरी उचलल्या, बसायची जागा हाताने झटकली आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"बस ना..." तो म्हणाला. थांबला. कान लालबुंद झाले. "बस ना गं. सगळं सांग मला. पहिल्यापासून. काय म्हणाली तुझी मैत्रीण?"